पिवळा ठिपका

प्रिय अंबरीशदादा,

जाड पाकीट पाहून दचकू नकोस. घरी सगळे चालतेफिरते आहेत, आईचे गुडघे आहेत तसेच आहेत आणि अंगणातल्या पेरूला यंदा फळ बरं आलं आहे. तरीही हे पत्र मी भीतीपोटी लिहिते आहे. हा शब्द मी सहसा वापरत नाही, म्हणून तो पहिल्यांदाच लिहून मोकळी होते. फोनवर हे बोलता आलं नसतं. आपल्याकडचा फोन स्पीकरवर असतो, बाबा शेजारी बसलेले असतात आणि आई मधूनच तुझ्या दुर्वाला तू जेवलीस का म्हणून विचारते. आपण दोघंच बोललो तरी दुसऱ्या वाक्याला तू मला थांबवतोस. मागे मी बाबांच्या विसरण्याविषयी सुरुवात केली तेव्हा तू हसून म्हणालास, मायक्रोमीटरबाई, माणसं मोजायची नसतात. कागदावर तुला मला थांबवता येणार नाही. ऋचावहिनीने वाचलं तर चालेल. दुर्वाला मात्र ऐकवू नकोस.

दिवाळीला तुम्ही पुण्याहून नागपूरला वहिनीच्या माहेरी उतरणार आणि तिथून तुम्हाला आणायला बाबा स्वतः जिप्सी घेऊन येणार, असं ठरलं आहे. दुर्वाला पुढच्या सीटवर बसवायचं, कुरईच्या घाटात माकडं दाखवायची, तिलवाऱ्याच्या पुलावरून तिच्या हाताने नर्मदेत नाणं टाकायचं, हे सगळं त्यांनी तिला कबूल केलं आहे. ती रोज फोनवर विचारते, आबा, इंजिन झालं का? इंजिन झालेलं नाही, दादा. ते का झालेलं नाही, तेच सांगायला बसले आहे.

गाडी आणली तेव्हा तू खूश होतास, आणि मीही. मिलिटरीच्या लिलावातली जिप्सी, टपाचं कापड फाटलेलं, इंजिन धूर ओकणारं. फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावर बाबा नुसते बसून होते. गाडी दारात उभी राहिल्यावर पंधरा दिवसांत त्यांनी इंजिन बाहेर काढलं आणि तू ज्या बाहेरच्या खोलीत बारावीचा अभ्यास करायचास तिथे लाकडी घोडीवर ठेवलं. आई म्हणाली, पोराच्या खोलीत आता हे काय आणून ठेवून राहिले. पण तीही खूश होती, कारण बाबा पुन्हा वेळेवर जेवू लागले होते.

त्यानंतर आमचे रविवार ठरून गेले. माझ्या स्कूटरवर मागे बाबा, त्यांच्या मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला झिजलेला भाग. तोच दाखवून नवा मागायचा, नुसतं नाव सांगायचं नाही, ही त्यांची पद्धत. आधी बाजारातली स्पेअरची दुकानं, आणि तिथे नाही मिळालं तर गढा भागात रोशनीकडे. तू तिला पाहिलेलं नाहीस. तिचं भंगाराचं मोठं आवार आहे. नवरा लिलावांना फिरतो आणि आवार ती सांभाळते. मोडीत निघालेल्या सगळ्या जिप्सी शेवटी तिच्याकडेच येतात. बाबा तिथे लहान मुलासारखे रमायचे. एखादा पंप हातात घेऊन हलवून बघायचे, वास घ्यायचे, परत ठेवायचे. रोशनी त्यांना म्हणायची, बाबूजी, सूँघ के तो आप खरबूज लेते होंगे. बाबा म्हणायचे, खरबूज धोखा देता है, पंप नहीं देता. मला हे रविवार आवडत होते. हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं वाचून तुला वाटेल की मी पहिल्यापासूनच चुका शोधत होते.

श्रावणात एका रविवारी बाबा आवाराच्या टोकाला गेले असताना रोशनी माझ्याजवळ आली. तिने सहज विचारलं, "दीदी, घर में गाड़ियाँ कितनी हैं?" मी एक म्हणाले. तिने नवऱ्याने दिल्लीहून आणलेल्या हेड गॅस्केटकडे, इंजिनाच्या सांध्यात बसवायच्या पातळ पत्र्याकडे, बोट केलं. म्हणाली, "बाबूजी ये तीसरी बार ले जा रहे हैं. बीच में दो बार अकेले आए थे, ऑटो से." मी तिला म्हणाले की आम्ही जादाचे ठेवतो. खोटं इतकं पटकन सुचलं की माझं मलाच नवल वाटलं. घरी आल्यावर तुझ्या खोलीतलं कपाट उघडलं. दोन गॅस्केट होती, दोन्ही वर्तमानपत्रात सारखीच नीट गुंडाळलेली. तिसरं बाबा त्यांच्यावर ठेवत होते आणि खालची दोन त्यांना दिसत नव्हती, असं मला वाटलं. आता वाटतं की दिसत असावीत.

तू म्हणशील, त्यात काय, मीही चार्जर दोनदा घेतो. मीही स्वतःला तेच सांगितलं. मग तिलवाऱ्याचं झालं.

आईला नर्मदेवर जायचं होतं. बाबांनी शेजारच्या भय्यासाहेबांची गाडी मागून घेतली. बाबा चालवत होते, मी पुढे, आई मागे. जाताना सगळं ठीक. परतताना पूल ओलांडला, नागपूरकडून येणारे ट्रक आमच्या मागे होते, आणि बाबांनी गाडी रस्त्याच्या मधोमध थांबवली. ब्रेक जोरात नव्हता, ती अगदी हळू थांबली. मला वाटलं, समोर काही आडवं आलं. काहीच नव्हतं. बाबा खाली पायांकडे बघत होते. तिन्ही पेडलांकडे, एकेक करून, जसं एखाद्याच्या घरी गेल्यावर आपण अनोळखी मुलांकडे बघतो तसं. मागून हॉर्न वाजत होते. एक ट्रक आम्हाला घासून गेला, त्याच्या वाऱ्याने गाडी हलली. मी त्यांच्या हातावर हात ठेवून म्हणाले, बाबा, क्लच डावीकडे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, "मालूम आहे मला," म्हणाले, पहिला गिअर टाकला आणि घरापर्यंत इतकी सफाईदार गाडी आणली की काही घडलंच नाही असं वाटावं. मागच्या सीटवर आई नर्मदाष्टक म्हणत होती. ती थांबली नाही, फक्त तिचा आवाज चढला होता. त्या दिवसापासून बाबांनी भय्यासाहेबांकडे किल्ली मागितली नाही. मला वाटलं, आपण मागत होतो हेच ते विसरले.

आता ठिपक्यांचं. तुला आठवण करून द्यायची गरज नाही, पण लिहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही. फॅक्टरीत ज्याने बोल्ट आवळला त्याने त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका ठेवायचा असा नियम होता. ठिपका म्हणजे हे माझ्या हाताने पक्कं झालं आहे, दुसऱ्याने हात लावू नये. बाबांनी तो नियम घरी आणला. माझ्या सायकलच्या सीटखाली, नळाच्या बुंध्याला, पाळण्याच्या कड्यांना, गॅसच्या रेग्युलेटरला, तू पुण्याला निघालास तेव्हा तुझ्या ट्रंकेच्या बिजागरीला. तू सहावीत असताना ठिपका असलेल्या नटाला पाना लावलास म्हणून ते तुझ्याशी दिवसभर बोलले नव्हते. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं तू म्हणाला होतास. आपल्या घरात देवाच्या फोटोला कोणी पाय लावला असता तरी एवढं झालं नसतं. मी बाबांच्याच क्षेत्रात आले, आज कॉलेजात मोजमापाची प्रयोगशाळा सांभाळते, पण आपल्या घरातला ठिपका मी आयुष्यात कधी तपासला नव्हता.

भाद्रपदात बाबांनी इंजिनाचा खालचा भाग जोडला. तुला यातलं कळत नाही म्हणून सोपं करून सांगते. इंजिनाच्या पोटात एक जाड वाकडातिकडा दांडा फिरतो, तो क्रँक. त्याला पाच लोखंडी टोप्या धरून ठेवतात आणि टोप्यांच्या आत पातळ चकचकीत बेअरिंग असतात. प्रत्येक टोपी आपल्याच जागी बसते, तिच्यावर नंबर असतो आणि पुढची बाजू दाखवणारा बाण. शिकाऊ पोरालाही पहिल्या दिवशी हेच सांगतात. बाबांनी हे काम इतक्या इंजिनांवर केलं आहे की झोपेतही त्यांचा हात चुकू नये. दुपारी ते आत आडवे झाले होते. मी सहज त्या खोलीत गेले आणि क्रँक हाताने फिरवून पाहिला. तो फिरेना. घोडीला लांब पाइप टेकवून ठेवलेला होता, म्हणजे बाबांनी तो जोर लावून फिरवला होता.

मी वाकून पाहिलं. दोन नंबरच्या जागी तीनची टोपी होती आणि तीनच्या जागी दोनची. दोन्ही टोप्यांच्या बोल्टांवर ठिपके होते, गोल, नेहमीसारखे, कडा न पसरलेले. मी पाना आणला. तो लावायच्या आधी बाहेर जाऊन आई कुठे आहे ते पाहून आले. ही माझी अवस्था. चौथ्या टोपीच्या बोल्टवर पाना ठेवण्याआधी बोट लावलं आणि तो पान्याशिवायच फिरला. ठिपका असलेला बोल्ट, दादा, माझ्या दोन बोटांनी फिरला.

मी तिथे खाली बसले. मला इंजिनाची भीती वाटली नाही. इंजिन मी पुन्हा उघडू शकते, बेअरिंग ओरखडली होती तीही नवी आणता येतात. मला भीती वाटली ती त्या खोलीतून बाहेर यायची, कारण बाहेर सगळं घर ठिपक्यांनी भरलेलं होतं. मी स्वयंपाकघरात गेले आणि रेग्युलेटरला हात घालणार तोच आई मागून म्हणाली, "ते मी पाहून घेते. रोज पाहते." मी म्हणाले, कधीपासून? ती कोथिंबीर निवडत राहिली. म्हणाली, "तू काहून विचारून राहिली? तुझं कॉलेज पाहा." मग कळलं की वर्षभर ती बाबांच्या मागे फिरून गॅस, नळ, दाराची कडी बघते आहे आणि तिने कोणालाही सांगितलेलं नाही. मी विचारलं, डॉक्टरकडे न्यायचं का? तर म्हणाली, त्यांनी स्वतः म्हटलं तर. मी बाबांनाही विचारून पाहिलं, नुसती तब्येत दाखवून येऊ म्हणून. ते हसून म्हणाले, "अच्छा, आता माझंही माप घेशील तू?" हसत होते, पण उठून गेले.

टोप्यांचं मात्र मी त्यांना खरं सांगितलं नाही. बेअरिंगचा माल खराब निघाला, पृष्ठभाग बरोबर नाही, नवा संच आणावा लागेल, असं म्हणाले. मोजमापाच्या बाबतीत मी त्यांच्याशी पहिल्यांदा खोटं बोलले. ते बराच वेळ ओरखडलेली बेअरिंग हातात घेऊन उजेडात फिरवत होते. नंतर म्हणाले, आजकाल दुकानदार फसवतात. त्या वाक्यात राग नव्हता, आणि दुकानदारावर न रागावणारे बाबा मी कधी पाहिले नव्हते.

आपला क्रँक घासून पाव मिलिमीटरने कमी केलेला आहे, म्हणून बेअरिंग त्या मापाने नेहमीपेक्षा जाड लागतात. ती चटकन मिळत नाहीत. इथे दुकानांत नव्हती, रोशनीकडे नव्हती. शेवटी मी नागपूरच्या एका व्यापाऱ्याकडून मागवली, पार्सल कॉलेजवर घेतलं. लॅबमध्ये मोजली. अचूक होती. बाबांना आवडतील अशी अचूक. त्या दिवशी मी ती घरी आणली ती द्यायलाच, यावर विश्वास ठेव. ठरवलं होतं की जोडताना मी शेजारी बसेन, प्रत्येक बोल्ट त्यांच्यानंतर मी पाहीन, त्यांना वाईट वाटलं तरी पाहीन.

दारातून आत आले तर बाबा तुमच्याशी व्हिडिओवर बोलत होते. दुर्वा विचारत होती, आबा, पुढे बसल्यावर मला गिअर टाकू द्याल? बाबा म्हणाले, "टाकू देईन. तू गिअर टाक, मी बाकीचं पाहतो." आणि तू मागून म्हणालास, बाबा असताना काय काळजी. मी चपला न काढता उभी होते. बेअरिंगांचा डब्बा माझ्या पिशवीत होता. मला तिलवाऱ्याचा रस्ता दिसला, मागून येणारे ट्रक, खाली बघणारे बाबा आणि या वेळी शेजारच्या सीटवर मी नाही, दुर्वा. तिला क्लच डावीकडे असतो हे माहीत नाही. मी सरळ माझ्या खोलीत गेले आणि डब्बा माझ्या ट्रंकेत स्वेटरांच्या खाली ठेवला. बोल्ट मी पक्के करू शकते, दादा. स्टीअरिंगवर बसलेल्या माणसासाठी माझ्याजवळ कोणताही पाना नाही. गाडी चालू झाली तर बाबा निघणार. ती निघू नये म्हणून तिचं पोट उघडं राहिलं पाहिजे, एवढंच मला सुचलं.

त्यानंतर आमचे रविवार चालूच राहिले. मी माझ्याच ट्रंकेत असलेली वस्तू बाबांना मागे बसवून गावभर शोधत होते. दुकानदारांना आधी फोन करून सांगून ठेवायचे की बेअरिंग कुठून आली असली तरी बाबांना नाही म्हणा. एकाने विचारलं, मॅडम, गाड़ी चोरी की तो नहीं? रोशनीला जाऊन सांगितलं तेव्हा तिने कारण विचारलं नाही. फक्त म्हणाली, "झूठ तो बोल देंगे दीदी, पर बाबूजी के सामने आँख नीचे रखनी पड़ेगी." आणि खरंच, पुढच्या रविवारी ती त्यांच्याशी बोलताना सगळा वेळ एका फुटक्या हेडलाइटकडे बघत होती. बाबा साडीचा तुकडा सोडून ओरखडलेलं बेअरिंग तिच्यापुढे धरायचे, माप सांगायचे, ती नाही म्हणायची, ते तुकडा पुन्हा बांधायचे. माप त्यांनी एकदाही चुकवलं नाही. त्यांना कळेल याची भीती, त्यांना कळणार नाही याची भीती, आणि यातली मोठी कोणती ते मला सांगता येत नव्हतं. घरी फोनवर दुर्वा विचारायची, झालं का, आणि बाबा म्हणायचे, एकच वस्तू राहिली आहे, बेटा.

गेल्या शनिवारी मी स्वेटर उन्हात घालायला ट्रंक उघडली. डब्बा जागेवरच होता, पण मी ठेवला होता तसा नव्हता. मी तो आडवा ठेवला होता, आता उभा होता. चिकटपट्टी नखाने सोडवून पुन्हा नीट लावली होती. आत प्रत्येक बेअरिंगला तेलाचं बोट फिरवलेलं होतं, गंज धरू नये म्हणून, आणि फॅक्टरीत करतात तसं ते एकेक करून मेणकागदात बांधलेलं होतं. जोड्यांचा क्रम बरोबर होता. झाकणावर, मधोमध, पिवळा ठिपका होता. मी बोट लावलं तर रंग बोटाला लागला.

पहिल्यांदा वाटलं, आता बाबा आत येऊन डब्बा मागतील, रागावतील, आणि मी रागवून घेईन. त्याची मी वाट पाहिली. ते अंगणात पेरू काढत होते. आईला म्हणत होते, खालचे पोपटांना राहू दे. मग जेवायला बसलो. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि ते ताटाकडे.

दुसऱ्या दिवशी रविवार. बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. हातात कापडी पिशवी. म्हणाले, "चल प्रणोती, बेअरिंग शोधून येऊ." ते विसरले असतील तर? काल हातात घेतलेली वस्तू आज शोधायला निघाले असतील तर? मला ठरवता येईना की हा माणूस मला वाचवतो आहे की स्वतःच हरवत चालला आहे. गढ्याला पोचेपर्यंत हाच विचार. रोशनीने हेडलाइटकडे बघत नाही म्हटलं. आणि तेव्हा बाबांनी साडीचा तुकडा सोडलाच नाही. पिशवीत हातही घातला नाही. नुसतं म्हणाले, "नहीं है ना? चलो, अच्छा हुआ." आणि तिच्या आवारातल्या उलट्या ठेवलेल्या टायरवर बसून त्यांनी चहा मागवला. तिघांसाठी.

येताना ते माझ्यामागे बसले होते. तुला माहीत आहे, ते स्कूटरवर कधी पुढच्याला धरत नाहीत, मागचा दांडा धरून ताठ बसतात. त्या दिवशी मदन महल स्टेशनच्या वळणावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात जड नव्हता. तिलवाऱ्यानंतर किल्ली का मागितली नाही ते मला तेव्हा कळलं. तीन गॅस्केट एकावर एक ठेवणारा माणूस खालची दोन बघत असणार, तेही कळलं. ते हे सगळं माझ्याआधीपासून ओळखून आहेत आणि एकटेच घाबरून आहेत, आई एकटी, मी एकटी, एकाच घरात. स्कूटर बंद दुकानांसमोरून जाताना माझ्या कानाजवळ वाकून ते एवढंच म्हणाले, "दुर्वाला कोण सांगन?"

घर येईपर्यंत आरशात बघायचीही हिंमत झाली नाही. आज सकाळी स्कूटर काढली तर ब्रेकच्या नटावर ताजा ठिपका होता. मी गल्लीच्या कोपऱ्यावर थांबून पाना लावला. घट्ट होता, अगदी हवा तेवढा. मला बरं वाटायला हवं होतं. पण कोणता ठिपका खरा आहे हे दिसून कळत नाही, आणि यापुढे कधीच कळणार नाही, हे तिथे उभी असताना नीट समजलं. प्रत्येक सकाळी मला पाना लावावा लागणार आहे आणि तो त्यांच्या नजरेआड लावावा लागणार आहे.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून हे पत्र. दुर्वाला तू सांगायचं आहेस. हे पोचलं की येत्या रविवारी फोन कर, स्पीकरवर, सगळे बसलेले असताना. म्हण की बेत बदलला, नागपूरहून तुम्ही रात्रीच्या गाडीने येता, तिकिटं झाली. दुर्वा रडेल. तिचं रडणं तुझ्यावर घे, तूच वाईट हो, बाबा मध्ये पडून तुझी समजूत घालायला लागले तर घालू दे. ते एकदा तरी तुझ्याशी भांडतील. ते भांडण खरं नसेल, तरी तू ते खरं मान. मग या, आणि दिवाळी झाल्यावर सगळे परत गेले तरी तू चार दिवस राहा. डॉक्टरकडे ते माझ्याबरोबर येणार नाहीत, मी मोजते म्हणून. तुझ्याबरोबर येतील, कारण तू कधीच काही मोजलं नाहीस. बाहेरच्या खोलीत ते तुला इंजिन दाखवतील. सगळ्या बाजूंनी पाहा, चांगलं झालं आहे म्हण, आणि कुठल्याही ठिपक्याला हात लावू नकोस, तपासायचं काम मी केलं आहे. दादा, त्यांनी आजवर एकही शब्द मोडलेला नाही आणि हा एक त्यांना पाळता येणार नाही, हे त्यांना माहीत आहे. तो त्यांना मोडायला लावू नकोस. तू मोड.

तुझ्या रविवारच्या फोनकडे कान लावून बसलेली,
तुझीच
प्रणोती